अक्रोडाखालची जागा

"हे मायक्रोवेव्हमध्ये चालतं का?"

सकाळपासून हा प्रश्न अकराव्यांदा आला आणि माझं डोकं सटकलं. "बाई, मातीचं भांडं आहे. तुमच्या आजीच्या चुलीवर चालायचं, तेवढं चालतं," मी म्हटलं. बाईंनी भांडं खाली ठेवलं आणि शेजारच्या स्टॉलवर प्लास्टिकचा डायनासोर घ्यायला गेल्या.

आलुनेश्तचा प्लम उत्सव! नाव प्लमचं, आणि प्लम औषधालाही नाही. समोर मिची, म्हणजे खिम्याचे कबाब, भाजणाऱ्यांच्या चार शेगड्या, त्यांचा चरबट धूर थेट आमच्या थाळ्यांवर. डावीकडे पोरांना उड्या मारायला हवेचा किल्ला, त्याचा पंप घरघरतोय. डोक्यावर कर्णा. माझंच बोलणं मला ऐकू येत नव्हतं, गिऱ्हाइकाला काय येणार कपाळ!

माझा नवरा याकोब उलट्या खोक्यावर बसून ब्रेड आणि कांदा खात होता. एक शब्द बोलत नव्हता. भांडला असता तर बरं वाटलं असतं. गाडीत सामान भरतानाच त्याने सांगून टाकलं होतं, "सांदा, हा शेवटचा. हा बाजार पडला तर सोमवारी मी टाइल्सच्या कारखान्याला हो म्हणतो. चाक विकू." याकोब चाकावर घडवतो, मी बैलाच्या शिंगातून रंग सोडून नक्षी काढते. चाक गेल्यावर मी रंग कशात भरणार, फरशीत?

आणि चूक होती माझी. बाजार शोधायचं काम माझं, अकरा वर्षं माझंच. त्यासाठी मी वही ठेवली आहे. नवा बाजार असला की आधीच्या वर्षी माल न घेता नुसती जाऊन यायची. दारात उभं राहून बघायचं, बाहेर पडणाऱ्यांच्या हातात पिशव्या आहेत की नुसती कणसं. विकणाऱ्यांना शेवटच्या दिवशी दुपारी विचारायचं, कारण पहिल्या दिवशी सगळेच आशेवर असतात. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे कान द्यायचा. ज्याला मडकं कळतं तो आधी बोटाच्या पेराने काठावर टकटक करतो, आवाज खणखणीत आला तरच किंमत विचारतो. जिथे टकटक नाही तिथे कुंभाराने जाऊ नये.

आलुनेश्तला मी यातलं काही म्हणजे काही केलं नाही. फोनवर आयोजक बाईला एवढंच विचारलं, "गेल्या वर्षीचे किती जण परत येतायत?" तर म्हणे, "सगळे खूप उत्साहात आहेत!" तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण माझ्या डोक्यात तोआदेरकाका बसले होते ना.

तोआदेरकाका आमच्याच खोऱ्यातले म्हातारे कुंभार, आमचे जन्माचे प्रतिस्पर्धी. आमच्यात एक रीत आहे, कुणी शिकवत नाही पण सगळे पाळतात. चांगल्या बाजाराबद्दल एक कुंभार दुसऱ्याला कधी खरं सांगत नाही. "छे छे, नका जाऊ, कुत्रं फिरकत नाही," असं म्हणाला की समजायचं, तिथे म्हाताऱ्याची गाडी रिकामी होते. आणि "जरूर जा" म्हणाला की समजायचं, तिथे तोंडाला पानं पुसली जातात. काकांनी या पद्धतीने मला आजवर तीनदा फसवलं, मी त्यांना दोनदा. हिशेब अजून बाकी होता.

मार्चमध्ये ते भेटले तेव्हा मी सहज वाटेल असं विचारलं, "काका, आलुनेश्त कसं आहे हो?"

"नको जाऊस पोरी. खातात, नाचतात, घरी जातात. त्याच दिवशी मेरेश्तच्या मठात बाजार असतो, तिथे जा. आपल्यातला दुसरा कुणी नसतो तिथे."

"मग तुम्ही का नाही जात?"

"माझं झालं आता. हात थरथरतो, चाक सोडलं मी."

त्यांनी हात पुढे धरून दाखवला. थरथरत होता खरा. पण सकाळपासून त्सुइका, प्लमची कडक दारू, ढोसणाऱ्याचा हात थरथरणार नाही तर काय करणार? मी मनातल्या मनात हसले. घरी येऊन याकोबला म्हटलं, "म्हाताऱ्याला आपल्याला मठात पिटाळायचंय. आलुनेश्त सोन्याची खाण आहे बघ!" आणि त्याच दिवशी अर्ज पाठवला.

सोन्याची खाण! दुपारी बारापर्यंत एक वाडगा गेला, तोही एकाला राखदाणी म्हणून हवा होता.

तेवढ्यात फोन वाजला. कर्ण्यापासून लांब जाऊन कानाला लावला. पलीकडे मेरेश्तच्या मठातली संन्यासिनी होती. "तुम्ही कुठे आहात? अक्रोडाखालची जागा सकाळपासून रिकामी आहे."

"माताजी, आम्ही अर्जच केला नव्हता."

"तोआदेरकाकांनी केलाय ना! त्यांची तेवीस वर्षांची जागा त्यांनी तुमच्या नावावर करून दिली. तुम्ही जरा उशिरा याल, पण नक्की याल, म्हणाले. लोक विचारून विचारून भंडावतायत."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग याकोबला सांगितलं. आता तो ओरडेल म्हणून मान खाली घालून उभी राहिले. ओरड बाबा एकदाचा, असंच वाटत होतं. त्याने कांदा खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, "कागद काढ. गुंडाळायला लाग."

आयोजक बाई धावत आल्या. "उत्सव संपेपर्यंत गाडी आत येणार नाही! नियम आहे!"

"नका येऊ देऊ," याकोब म्हणाला आणि पहिलं खोकं खांद्यावर घेतलं. पस्तीस खोकी, हवेच्या किल्ल्याला वळसा घालून, शेगड्यांच्या धुरातून, रस्त्यापर्यंत. महिनाभर जिन्यावरून उतरताना कण्हणारा माणूस! एक थाळी फुटली, तर म्हणाला, "फुटू दे, चल."

मेरेश्तला पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. अक्रोडाखाली मोकळं टेबल, आणि त्यामागे स्टुलावर तोआदेरकाका. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "मडकी येतायत, वाटेत आहेत. जाऊ नका." हात मांडीवर दाबून धरले होते, तरी थरथरत होते. त्सुइकाचा वासही नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, मी... मला वाटलं तुम्ही..."

"काय वाटलं ते ठाऊक आहे मला. पन्नास वर्षं खोटं बोललो, कुणी शंका घेतली नाही. एकदा खरं बोललो तर तू मिची खायला आलुनेश्तला गेलीस!"

"मग नीट सांगायचं ना, जागा दिलीय म्हणून!"

"सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतास?"

नसता ठेवला.

याकोब खोकी फोडत होता. पहिला हंडा टेबलावर ठेवतो न ठेवतो तोच काळा रुमाल बांधलेल्या एका म्हातारीने पेराने काठावर टकटक केलं, कान जवळ नेला, पुन्हा टकटक केलं. मग दुसरीने दुसऱ्यावर. थोड्या वेळाने चारी बाजूंनी तोच आवाज यायला लागला. मायक्रोवेव्हचं नाव कुणी काढलं नाही. मी याकोबकडे बघायचं टाळत होते, सोमवार अजून माझ्या छातीवर बसला होता.

अंधार पडायच्या आत निम्मं टेबल रिकामं झालं. याकोबने स्टुलाशेजारी उकिडवं बसून विचारलं, "काका, पुढच्या वर्षीचा अर्ज कधीपर्यंत द्यायचा असतो?"

अकरा वर्षांत या माणसाने कुठल्याही अर्जाची तारीख विचारली नव्हती. मी पाठ फिरवली आणि उगीचच एक वाडगा पुसत राहिले.

"फेब्रुवारी अखेर," काका म्हणाले.

"आणि ऑक्टोबरमधला कोपाचेनचा बाजार कसा आहे?"

"भिकार! कुत्रं फिरकत नाही," काका ताडकन म्हणाले. मग स्वतःच जीभ चावली आणि थरथरत्या हाताने मला खूण केली. "वही काढ पोरी. लिहून घे. चर्चच्या पायऱ्यांजवळची जागा माग."