दहा फेरे, अकरा फेरे

बॅप्टिस्टने आपल्या गॅरेजाला एकच नियम घालून दिला होता: डिफरन्शिअल मोजल्याशिवाय गाडीखाली चढवायचं नाही. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा जो गोळा असतो आणि इंजिनाची ताकद चाकांना वाटून देतो, ते हे डिफरन्शिअल. मोजायची रीत सोपी. चाकावर खडूची एक रेघ, इंजिनाकडून येणाऱ्या दांड्यावर दुसरी, आणि चाकाचे दहा फेरे होईतो दांड्याचे किती होतात ते बघायचं. सांडोरच्या केळीच्या वाडीला टेकलेल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये बॅप्टिस्ट हे काम कुणाला करू देत नसे. स्वतः गुडघे टेकून बसायचा आणि मोठ्याने मोजायचा.

तीस वर्षांत हा नियम एकदाच मोडला, आणि मोडला तोही जयरामच्या जीपसाठी. परक्याचं काम असतं तर मोजलं असतं. जिवलगाचं होतं, घाईचं होतं, म्हणून राहिलं. आपल्या माणसाच्या कामात आपण जेवढे निष्काळजी असतो तेवढे दुसऱ्या कुणाच्या नसतो, हे काय नव्याने सांगायला हवं?

जयराम राजोडीचा. ऐन उमेदीत होडी अंगावर येऊन त्याचा गुडघा निकामी झाला आणि समुद्र सुटला. मच्छीमाराचा समुद्र सुटला की किनाऱ्यावर त्याला कुत्रं विचारत नाही. पण जयरामने लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप आणली, चारही चाकांना जोर देणारी, आणि होड्या वाळूवर ओढायचं काम धरलं. जिथे तीस माणसं लाकडी ओंडके टाकून ‘हैशा’ करत, तिथे जयराम एका हाताने विडी ओढत होडी वर आणू लागला. आता पहाटे लोक त्याच्या दारात येऊन हाका मारत. लंगडा जयराम पुन्हा किनाऱ्याचा माणूस झाला. ती जीप म्हणजे त्याचा गुडघाच होता म्हणा ना.

पण होडीला दोर लावायचा तर जीप उलटी पाण्यात घालावी लागते, आणि खारं पाणी कुणाचं सगंसोयरं नसतं. दोन हजार दोनच्या श्रावणात, नारळी पौर्णिमेला आठ दिवस उरले असताना, जीपचं मागलं डिफरन्शिअल बसलं. दातांचे तुकडे बॅप्टिस्टच्या ओंजळीत आले.

“पुनवेला अठरा होड्या लोटायच्यात,” जयराम म्हणाला. “मी नाय गेलो तर ते दुसऱ्याचा ट्रॅक्टर आणतील. एकदा आला का तो परत जानार नाय.”

“ट्रॅक्टर कशाला येतोय? मी हाय ना,” बॅप्टिस्ट म्हणाला. हे वाक्य त्याला पुढे फार महागात पडलं.

त्या जुन्या जीपचा सुटा माल कुठेच मिळेना. पाचव्या दिवशी वालीवच्या एका भंगारवाल्याकडे अपघातात चेपलेली जीप सापडली, चारच वर्षं वापरलेली. तिचा मागचा आख्खा एक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा कणा, डिफरन्शिअलसकट धड होता. बॅप्टिस्टने झाकण उघडून पाहिलं, तेल मधासारखं स्वच्छ, दातांना ओरखडा नाही. चाकं मात्र फिरत नव्हती, पावसात पडून ब्रेक गंजून धरले होते. मोजायचं कसं? बॅप्टिस्टने पट्टी लावली, बोल्टची भोकं जुळली. स्प्रिंगच्या पाट्यांची जागा जुळली, ब्रेकची नळी जुळली. एवढं सगळं जुळल्यावर आत काय वेगळं असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. पत्रिका जुळली की संसार सुखाचा, असं समजणाऱ्यातलाच हा प्रकार.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दुपारी एक्सल चढला. घोडं गंगेत न्हालं. मग बॅप्टिस्टने ब्रेक सोडवले, चाकं मोकळी झाली आणि हाताला सवय म्हणून त्याने खडू घेतला.

चाकाचे दहा फेरे, दांड्याचे एकोणपन्नास.

तो पुढच्या चाकांकडे गेला. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीला पुढेही एक डिफरन्शिअल असतं, ते जुनंच होतं. दहा फेरे, दांड्याचे चौपन्न. त्याने तीनदा मोजलं. चौथ्यांदा मोजायची हिंमत झाली नाही.

भंगारातल्या त्या नव्या जीपचे दात वेगळे होते. ती फक्त मागच्या चाकांवर चालणारी, वेगासाठी बनवलेली. आता पुढची चाकं दहा फेरे घेणार तेवढ्यात मागची अकरा घेणार. एकाच जुवाला दोन बैल, आणि एक दुसऱ्यापेक्षा भरभर चालणारा. नुसत्या मागच्या चाकांवर जीप चालली असती. पण पुढच्या चाकांनाही जोर जोडणारा, ड्रायव्हरजवळचा दांडका ओढला की पुढचं आणि मागचं एकमेकांशी भांडणार आणि मधला गिअरबॉक्स पिळून मोडणार, आज नाही तर उद्या.

उपाय होता. पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा काढून ठेवायचा. चार बोल्ट, पंधरा मिनिटं. पण मग जयरामला सांगावं लागलं असतं की तुझी जीप आता वाळूवर अर्धीच जीप आहे, आणि ती अर्धी मी केली.

बॅप्टिस्ट पाना हातात घेऊन उभा होता तेवढ्यात जयराम आला. बरोबर बायको, भागूबाई. तिच्या हातात नारळ, हळदकुंकू, नवं झेंडूचं तोरण. जयरामने जीपपुढे नारळ फोडला, पहिला तुकडा बॅप्टिस्टच्या हातावर ठेवताना त्याचे स्वतःचे डोळे भरून आले. बॅप्टिस्टची बायको मटिल्डा सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. अशा वेळी खरं बोलायला छाती लागते, आणि बॅप्टिस्टची छाती त्या दिवशी कमी पडली.

“जयराम, एक कर,” तो म्हणाला. “पुढच्या चाकांचा दांडका सध्या ओढू नको.”

“का रे?”

“नवा माल हाय. जरा बसू दे.”

“किती दिवस?”

“सांगतो मी.”

झाकली मूठ. महिन्याभरात कुठूनतरी पुढच्यासाठी जुळता माल शोधू, गुपचूप बदलू आणि विषय मिटवू, असं त्याने ठरवलं. वालीव झालं, भिवंडी झाली, कुर्ल्याला दोन खेपा झाल्या. माल नव्हता.

जयरामने मात्र शब्द पाळला. पुनवेच्या अठराही होड्या त्याने नुसत्या मागच्या चाकांवर लोटल्या. चाकाखाली फळ्या टाकल्या, पोरांना धक्के मारायला लावलं, पण दांडक्याला हात लावला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, “बॅप्टिस्टने सांगितलंय.” बॅप्टिस्टच्या कानावर हे आलं की त्याला जेवण जात नसे.

पिठोरीच्या अमावास्येला सकाळी वारा फिरला. बाहेर गेलेल्या होड्या घाईघाईने परतल्या. उधाणाची भरती दुपारी होती, त्याआधी सगळ्या वर घ्यायच्या होत्या. सोळा आल्या. सतरावी काळूरामची, ओल्या जाळ्यांनी जड झालेली. दोर ताणला आणि जीपची मागची चाकं जागच्या जागी वाळू उपसू लागली. पाणी चढत होतं. फळ्या घातल्या, त्या वाहून गेल्या. काळूराम कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडत होता, “जयराम, दांडका वड! होडी फुटंल माजी!”

जयरामने क्षणभर डोळे मिटले आणि दांडका ओढला.

होडी दोन हात वर आली. सगळ्यांनी आरोळी दिली. मग जीपच्या पोटात काहीतरी तडकलं आणि चारही चाकं जाम झाली.

बॅप्टिस्टला निरोप पोचला तेव्हा तो एका गाडीचा आरसा बसवत होता. स्कूटरवर बसून तो राजोडीला पोचला तोवर पाणी जीपच्या पायरीला लागलं होतं. चाळीस माणसं दोराला झोंबत होती, पण जाम चाकांची जीप वाळूत नांगरासारखी रुतत होती. काय करायचं ते फक्त त्याला ठाऊक होतं: पुढचा आणि मागचा, दोन्ही दांडे सोडले तर चाकं मोकळी होतील. आठ बोल्ट. तो पाना घेऊन जीपखाली सरपटला. लाट आली की श्वास धरायचा, ओसरली की बोल्ट फिरवायचा. पुढचे चार बोल्ट, जे गॅरेजात चहाच्या आधी सुटले असते, त्यांतले दोन सुटले. तिसऱ्याच्या वेळी पाना वाळूत गेला. तो हाताने चाचपडत राहिला. चौथी लाट उतरलीच नाही. लोकांनी त्याला पाय धरून बाहेर ओढलं.

“सोड रे! मरशील!” जयराम त्याला कवटाळून ओरडत होता. “गाडीसाठी मरतो काय?”

काळूरामने होडीचा दोर तोडला. होडी पाण्याचीच, ती तरंगली, आणि माणसांनी तिला दुसऱ्या अंगाने किनाऱ्याला लावलं. जीप लोखंडाची. अकराच्या सुमाराला तिच्या टपाच्या कांबी दिसत होत्या, बाराला त्याही नाहीत. ओहोटीला ती सापडली तेव्हा इंजिनात वाळू भरली होती. वालीवहून भंगारवाला आला आणि कापून घेऊन गेला. त्याच आठवड्यात किनाऱ्यावर ट्रॅक्टर आला.

बॅप्टिस्ट चौथ्या दिवशी जयरामकडे गेला. जयराम ओटीवर पाय पसरून बसला होता. बॅप्टिस्टने तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, “मीच कर्मदरिद्री. तू सांगितलं होतंस. पंधरा दिस पाळलं आनि ऐन वेळेला हात गेला.”

“तसं नाय, जयराम. ऐक.” बॅप्टिस्टने सगळं सांगितलं. गंजलेले ब्रेक, खडूची रेघ, एकोणपन्नास, चौपन्न, दहाला अकरा. माल बसायचा-बिसायचा काही नव्हता, ती थाप होती, दांडा काढायला हवा होता, काढला नाही. सांगताना तो रडला. साठीचा माणूस, तोंड लपवलं नाही.

जयराम ऐकत होता. मग त्याने बॅप्टिस्टच्या खांद्यावर हात ठेवला आणि चक्क हसला.

“बरा हायेस. माजी चूक तू आपल्या डोक्यावर घेतोस? मला बरं वाटावं म्हनून? तू आनि मोजल्याशिवाय बसवशील? येडा समजलास काय मला?”

“देवाची आन घेऊन सांगतो—”

“देवाला मधे आनू नको. त्या पान्यात तू माज्या गाडीखाली शिरलास. सगळ्या गावाने बघितलंय.”

बॅप्टिस्टने दोनदा प्रयत्न केला, दोनदा जयरामने विषय बदलला. निघताना भागूबाई फाटकापर्यंत आली. तिने आत उभं राहून सगळं ऐकलं होतं.

“बॅप्टिस्टभाऊ,” ती हळू म्हणाली, “मला समजलं. तुम्ही खरं तेच बोललात.”

त्याने मान खाली घातली. ही तरी शिव्या देईल, अशी त्याला आशा वाटली.

“पन त्यांना आता परत सांगू नका. गुडगा गेला, जीप गेली. तुमच्यावरचा इस्वास तेवढा राहिलाय त्यांच्याकडं. तो तरी ऱ्हाऊ द्या.”

तेव्हापासून जयराम रोज सकाळी गॅरेजात येतो. किनाऱ्यावर त्याला काम नाही, घरी वेळ जात नाही. स्टुलावर दुखरा पाय लांब करून बसतो. गिऱ्हाईक आलं, कामाला उशीर का म्हणून कुरकुरू लागलं, की जयरामच त्याला समजावतो.

“हा सांगेल तसं करा,” तो म्हणतो. “मी नाय ऐकलं.”

गाडीखाली उताणा पडलेला बॅप्टिस्ट ते ऐकतो आणि बोल्ट फिरवत राहतो.