सातव्या खांबावरच्या चिमण्या

ऑरेसच्या डोंगरात थंडी पडली की तारांवर हिम धरतं. लाइनमन बुझीदने गाडी थांबवून वर पाहिलं. सगळी तार पांढरीशुभ्र, सातव्या खांबाजवळ मात्र वीतभर काळी. तेवढ्याच जागेत चिमण्या अंग चोरून बसल्या होत्या.

त्या काळ्या जागेतला तारेचा जोड त्याचाच. दोन वर्षांपूर्वी, रमझानात, सूर्य मावळतीला आलेला, पोटात कावळे ओरडत होते. त्याने तार घासली नाही, दोन टोकं धरणाऱ्या नळीला पकडीने सहाऐवजी तीनच दाब दिले आणि खाली उतरला. नंतर बघू, म्हणाला. तेव्हापासून तो कच्चा जोड तापून वीज तिथेच वाया जात होती आणि पुढच्या वस्तीला मिळत होती ती मरतुकडी. त्या वस्तीत त्याची बहीण हद्दा नांदत होती.

"ये दादा," तव्यावर भाकरी टाकत हद्दा म्हणाली. "दिवसा आलास ते बरं. आमच्या दिव्यात तुझं तोंड दिसलं नसतं."

"मामा, तुझ्या जोडावर चिमण्या बसतात!" छोटी नुवारा त्याच्या गुडघ्याला बिलगली. "आई म्हणते, मामाच्या हाताला ऊब आहे."

बुझीदने नजर चुकवली. खिडकीखालचा कोपरा रिकामा दिसला.

"शिलाई मशीन कुठाय?"

"विकली. दोनदा मोटर दुरुस्त केली, तरी रडतच चालायची. एका नवरीचा झगा वेळेत झाला नाही, तिच्या आईने चारचौघींत माझी लाज काढली. सासूबाई म्हणाल्या, मशीन कसली, तुझे हातच आळशी." ती हसली. "असतील बाई."

"हात नाहीत गं. मशीनही नाही. मी."

त्याने सगळं सांगून टाकलं. हद्दा भाकरी उलटायची विसरली. करपल्याचा वास सुटला.

"दर वेळी तुला विचारत होते मी," ती हळू म्हणाली. "दादा, तू विजेचा माणूस, बघ ना काय झालंय. आणि तू म्हणायचास, तेल घाल."

त्याला मान वर करवेना. बाहेर जाऊन त्याने ऑफिसला फोन केला, स्वतःची चूक कळवली, सोबती बोलावले. लाइन बंद झाल्यावर तो चढला. चिमण्या उडाल्या. तार लख्ख घासून त्याने नव्या नळीला सहा दाब दिले.

दुपारी हद्दाच्या घरातला दिवा भक्कन उजळला. भिंतीवरची काजळी, तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळंच दिसू लागलं.

"नवी मशीन आणून देतो," तो म्हणाला.

"ते नंतर. आधी सासूबाईंना सांग. माझ्या तोंडून त्यांना पटायचं नाही."

बुझीदने बूट काढले आणि पलीकडच्या खोलीचं दार वाजवलं.