पलंगाखालच्या फळ्या

थोरल्याने पहारीचं टोक फटीत खुपसलं, वर पाय देऊन जोर केला, आणि जमिनीची फळी खिळ्यासकट करकरत वर आली. पलंगावर आबांच्या पापण्या हलल्या. ताईने हातातली दुधाची वाटी खाली ठेवली.

"अरे, जरा हळू. माणूस निजलंय इथे."

"निजलेत कुठले? सगळं ऐकतायत. काय हो आबा?"

आबा छताकडे बघत राहिले. धाकटा गुडघ्यांवर बसून निघालेल्या फळीच्या कडा सुरीने खरवडत होता. निघणारी काळी भुकटी खाली पसरलेल्या चादरीवर पडत होती. मधूनच तो ती चिमटीत धरून उजेडाकडे न्यायचा.

"दिसतंय काही?" थोरल्याने विचारलं.

"दिसतंय की. आपल्या बापजाद्यांची धूळ."

आबांची उभी हयात नदीची वाळू धुण्यात गेली होती. धुऊन उरलेली काळी रेती ते घरी आणत आणि याच खोलीतल्या चुलीवर लोखंडी तव्यात वाळवत. रेती सुकली की तवा तोंडाशी धरून अलगद फुंकर घालायची. रेती उडे, जड सोनं तव्यात राही. पण सगळंच काही राहत नसे. पिठासारखं बारीक सोनं रेतीबरोबर उडून जाई आणि फळ्यांच्या फटींत बसे. तेव्हा त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. आज उडालं तर उद्या नदी आणखी देईल, अशी मिजास होती. पुढे नदीनेच हात आखडता घेतला, सोन्याचा भाव मात्र आभाळाला भिडला. परवा कुणा सोनाराने थोरल्याच्या कानात सांगितलं, की अशा जुन्या फळ्या जाळायच्या, राख धुवायची आणि मग गंमत बघायची. झालं, दुसऱ्याच दिवशी तो धाकट्याला घेऊन पहारीसह हजर.

घर तर विकायचंच होतं. ताईला ते कळलं गिऱ्हाईक खोल्या बघायला आलं तेव्हा. नवरा गेल्यावर आबांची शुश्रूषा करायला म्हणून ती आली होती, ती इथलीच होऊन गेली. घर गेल्यावर ताईने कुठे जायचं, हा प्रश्न दोघांपैकी एकाच्याही मनात आलेला दिसत नव्हता.

दारालगतच्या फळ्या निघाल्या. थोरल्याने कपाळ पुसलं आणि पहार भिंतीला टेकवली.

"आता पलंग."

"पलंगाला हात लावायचा नाही," ताई म्हणाली.

"हात लावायचा नाही म्हणजे? चूल इथेच होती. खरा माल या चार फळ्यांत आहे."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? खुब्याचं हाड मोडलंय. जरा हिसका बसला तर संपलं सगळं."

"हिसका कशाला बसेल? आम्ही काय हमाल आहोत?"

"हमाल बरे. ते सामान जपून उचलतात."

धाकटा फिसकन हसला आणि थोरल्याचा चेहरा बघून गप्प झाला. थोरला पलंगाच्या पायथ्याशी गेला.

"तू उशाकडून धर रे."

धाकटा उठला, पण पुढे सरकेना. ताई पलंगाच्या कडेवर जाऊन बसली. आबांचा हात तिने मांडीवर घेतला. हात कसला, सुकलेली काटकी.

"मलाही उचला मग."

"ताई, तुला यातलं ना घेणं ना देणं. मध्ये का पडतेस?"

"घेणं ना देणं, म्हणूनच बोलतेय. आपला बाप आहे रे तो. मरू दे तरी सुखाने."

थोरल्याने पलंगाच्या खुरावर हात ठेवला. लाकूड कुरकुरलं. आबांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. कण्हल्याचा असावा, असं वाटून ताईने डोळे मिटले. पण ते बोलत होते.

"चूल... खिडकीपाशी होती."

थोरला थबकला. "काय?"

"खिडकीपाशी. इथे तुमच्या आईची धान्याची कोठी."

"मग ही उशाची भिंत काळी कशाने झाली?"

आबा दमले होते. थोरला ताईकडे वळला.

"तू मोठी. तुला सगळं आठवतं, अगदी मी कधी रांगायला लागलो तेसुद्धा. सांग, चूल कुठे होती?"

ताईला आठवत होतं. चूल इथेच होती, आत्ता तिचे पाय टेकले होते तिथे. आबांच्या गुडघ्याला चिकटून ती बसायची आणि ते फुंकर घालायला लागले की स्वतःचा श्वास रोखून धरायची. उडालेली रेती कोवळ्या गालांवर टोचायची. धाकटा पोटात असताना आईने भांडभांडून इथली चूल बंद करवली, तेव्हा थोरला दुपट्यात होता.

"खिडकीपाशी," ती म्हणाली. "इथे कोठी होती. मी तिच्यामागे लपायची. आणि भिंत दिव्याने काळवंडली. आई तिथे दिवा टांगायची."

तिचं तिलाच नवल वाटलं. असं सरळ तोंडाने खोटं ती जन्मात बोलली नव्हती.

थोरला क्षणभर तिच्याकडे रोखून बघत राहिला. मग त्याने पहार उचलली.

खिडकीपाशी बराच वेळ ठोकाठोक चालली. शेवटी दोघेजण फळ्यांचा भारा घेऊन मागच्या अंगणात गेले. कुऱ्हाडीचे घाव ऐकू यायला लागले, तशी ताईने रोखून धरलेला श्वास सोडला.

"वाचलो हो आबा."

"गेले?"

"गेले. दूध घ्या आता थोडं."

आबांनी वाटीकडे पाहिलंच नाही. त्यांचे डोळे कधी नव्हे इतके स्वच्छ दिसत होते.

"खाली बस. फटीत बोट घाल."

"कशाला?"

"घाल तर. ओलं करून घाल."

लहान मुलाचा हट्ट पुरवावा तशी ती खाली बसली. जिभेने बोट ओलं करून तिने पलंगाखालच्या फटीतून फिरवलं आणि वर करून पाहिलं. बोटाला काळं लागलं होतं आणि त्या काळ्यात बारीक, पिवळं काहीतरी लुकलुकत होतं. तिने बोट जरा फिरवलं. पुन्हा लुकलुकलं.

"सगळं इथेच आहे," आबा म्हणाले. "चूल हलली तरी ही जागा मी सोडली नाही. पलंग उगाच नाही टाकला इथे. तुझ्या आईला कधी केरसुणी लावू दिली नाही."

ताईने बोट पुन्हा उजेडात धरलं. आबांच्या हाडांसाठी ती इतका वेळ भांडली होती.

"राख धुतली की त्यांना कळेल," आबा धापा टाकत म्हणाले. "मग ते नाही ऐकायचे. तोवर फटींतलं काय ते खरवडून घे. पोरांना घर आहे. तुला काय दिलं मी?"

"भलतंच काय बोलता? तुम्हाला हलवायचं नाहीये."

"त्यांनी हिसका दिला असता. तू हळू सरकवशील."

अंगणातून जळक्या लाकडाचा वास आला. "पेटलं, पेटलं!" असं धाकटा पोरासारखा ओरडला. ताई उठली. बोट कपड्याला पुसायला नेलं आणि तसंच राहू दिलं. दारापाशी जाऊन तिने दार लोटलं, जरा कानोसा घेतला आणि आवाज न करता कडी घातली.

ती परत आली आणि वाकून तिने पलंगाच्या खुराला दोन्ही हात घातले.

"दुखलं तर सांगा हं," ती म्हणाली.

आबांनी ओठ घट्ट मिटून घेतले.