रिकाम्या देव्हाऱ्याचा उंबरा

मी देव्हारा आहे, आणि माझ्यात देव नाही. हसायचं असेल तर हसून घ्या. माझ्यात कोंबडी बसलेली लोकांनी पाहिली आहे, तेव्हा हसण्याची मला सवय आहे.

वाशीमकडच्या मालेगावच्या एका सुताराने मला सागाच्या उरल्यासुरल्या फळ्यांतून घडवलं. दोन खांब, वर बोटभर शिखर, पुढे लहानसा उंबरा. जवळच्याच खेड्यात पंचफुलेच्या घरी मी आलो. ती रोज दिवा लावून माझ्या उंबऱ्याला कपाळ टेकवायची. टेकवून टेकवून तिथलं लाकूड गुळगुळीत झालं, थोडं खोलही गेलं.

देवांच्या रांगेत तिच्या सासूचा टाक होता. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्त उठवतात आणि देवांशेजारी बसवतात. मग ते माणूस घरातच राहतं. कुठे गेलं, असं कोणी विचारत नाही.

मग संवत १९५६चा, लोक छप्पनचा म्हणतात तो दुष्काळ आला. पंचफुलेने आधी भांडी दिली, मग माझ्यातले देव, एकेक करून, ज्वारीसाठी. सासूचा टाक देताना तिने त्याची माफी मागितली. ती ज्वारी लेकीच्या पोटात गेली आणि पंचफुला गेली. लहानग्या सोजरला कोणीतरी वाशीमला मिशनच्या अनाथाश्रमात पोचवलं. मला कोण नेतं? शेजारच्या गोठ्यात पडून राहिलो. तिथेच ती कोंबडी. चला, कोणीतरी बसतंय, म्हणून मीही गप्प राहिलो.

कितीतरी वर्षांनी सोजर आली, नवऱ्यासोबत. पुंजाजी त्याच आश्रमात वाढलेला. दोघंही आता येशूला मानणारे. तिने पदराने माझ्यातलं गवत झाडलं.

"आपल्याले कायले पाह्यजे देव्हारा?" पुंजाजी म्हणाला. "फोड अन् चुलीत घाल."

"माह्या मायचं एवढंच राह्यलं आहे," सोजर म्हणाली. पुंजाजीने मग मला मुकाट्याने डोक्यावर घेतलं.

वाशीमजवळच्या त्यांच्या घरात मी भिंतीला टेकून उभा राहिलो. संध्याकाळी दोघं डोळे मिटून प्रार्थना करत. मी आपला वाट पाहायचो, की यांचा देव येईल आणि बसेल. जागा तर होतीच. पण तो काही येईना. आणि सोजरची नजर प्रार्थना संपली की माझ्या मोकळ्या जागेवर यायची. मला ठाऊक होतं तिला काय सलतंय. तिच्या आईचा टाक कोणी केलाच नव्हता.

एका बाजाराच्या दिवशी तिने पायातली जोडवी सोनाराला देऊन टाक करवून घेतला. चेहरा आईचा नव्हताच. तिला तरी तो कुठे आठवत होता? माझ्यात बसवला, हळद लावली, पुढे कापड सोडलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पुंजाजीला तिचे पाय मोकळे दिसले. त्याने कापड उचललं आणि टाक पाहिला. "मिशनच्या संगतीतून काढतीन आपल्याले, सोजर. आपल्याले दुसरं कोन आहे?" आणि तो तडक दौलतराव मास्तरांना घेऊन आला. दौलतराव खेडोपाडी येशूचं शास्त्र सांगणारे, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. टाकाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"कोन आहे हे?"

"माय. तिनं येशूचं नावबी आयकलं नाही, मास्तर. मले जेवू घालून मेली. तुमच्या देवाच्या घरी तिले जागा नसंन, तर माह्या घरी तरी असू द्या."

पुंजाजीने मान खाली घातली. मास्तर जमिनीवरच बसले.

"बाई, देवाले घर नाही. जागा त्यानंच केली, तो जागेत कसा मावंन? बैल आहे, खाट आहे, तसा तो 'आहे' असंबी मले म्हनवत नाही. हे सारं त्याच्यामुळं आहे."

"मंग माय मेली तवा तो कुठं होता?"

"होता नको म्हनू. काल-उद्या आपल्याले. काळबी त्यानंच केला. तुही माय तुह्या लेखी छप्पन साली गेली. त्याच्यापुढं ती आताबी तुले घास भरवून राह्यली."

सोजरचे डोळे भरून आले. "मंग म्या आज तिच्यासाठी देवाजवळ मागतलं, तर?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "मेलेल्यासाठी मागनं मले कोनी शिकवलं नाही," ते म्हणाले. "पन ज्याले काळच नाही, त्याले उशीर कसा होईन?"

टाक काढ, असं ते म्हणालेच नाहीत. सोजरनेच तो उचलला, हळद पुसली, पदराच्या गाठीत बांधला. "माय येथं मावत नाही आता," ती म्हणाली. मग वाकली आणि आईने झिजवलेल्या त्या खळग्यात तिने कपाळ टेकवलं. कपाळ बरोबर बसलं. पुढे रोज संध्याकाळी ती तिथेच आईसाठी मागत राहिली.

मी पुन्हा रिकामा. रुसलो नाही म्हणणार नाही. ज्याला कशातच बसता येत नाही त्याच्यासाठी झुरायचं, आणि आपण घडलेलो बसवायलाच! देव्हाऱ्याच्या नशिबी याहून वाईट काय असणार?

सोजर गेल्या साली गेली. टाक तिच्याबरोबर मातीत ठेवला. मी मात्र काळातलाच; मागच्या फळीला वाळवी लागली आहे, शिखर केव्हाच पडलं. एवढंच मागतो, की मला फोडायचं झालं तर उंबरा तेवढा राहू द्या. लोकांना तो लागतो.

कारण काल संध्याकाळी पुंजाजी काठी टेकत आला. सोजरसाठी मागेल, असं मला वाटलं. मागितलंच. मग उठेना. मला चुलीत घालायला निघालेला तो म्हातारा वाकला आणि त्याच खळग्यात त्याने कपाळ ठेवलं.

"देवा, माहीबी माय त्याच दुष्काळात गेली. तिचं नाव मले ठाऊक नाही," तो म्हणाला. "तुले ठाऊक आहे. तिच्यासाठी मागतो."