मेलिदाचा मयत जग्वार

शेवटी मेलिदाने संस्कृती खात्याच्या साहेबांच्या टाळक्यात जग्वार घातला.

छे, तसलं काही झालंच नाही. जग्वार साहेबांच्याच काखेत होता.

जग्वार म्हणजे ठिपकेदार वाघाच्या रूपातलं तीन पायांचं भांडं. पांढऱ्या अंगावर तांबडे-काळे ठिपके, पोकळ पायांत मातीच्या गोळ्या, हलवलं की खुळखुळणारं. ग्वाइतील नावाच्या गावात पूर्वज अशी भांडी करायचे, मेलिदाही करते. पण गिऱ्हाइकाला पूर्वजांचीच हवी असतात. म्हणून तिचा धाकटा दीर निसेफोरो याने तिची ताजी भांडी म्हातारी व्हायला जमिनीत पुरली. सगळं गाव भांडी पुरतं, पण रानात. याने पुरली अंगणात, भट्टीला लागून. रान लांब पडतं म्हणे.

नळासाठी चर खणला आणि भांडी निघाली. साहेब राजधानीतून धावत आले. अंगणाला तारेचं कुंपण पडलं, भट्टी आत, मेलिदा बाहेर. ओसरीवर तिची कच्ची भांडी उन्हाने तडकायला लागली.

"साहेब, हे मी केलंय. ईस्टरच्या आधी."

"सगळे असंच म्हणतात, बाई. हा हात आठशे वर्षांपूर्वीचा आहे."

"हा हात?" तिने तो त्यांच्या नाकापुढे नाचवला. "कानाखाली काढू? मग सांगा किती जुना लागतो ते!"

"वहिनी, एवढं कौतुक करतायत..." निसेफोरो पुटपुटला.

"तू गप रे मेल्या! भांडी पुरलीस, आता मलाही पूर."

साहेब समजुतीने म्हणाले, "असंच दुसरं करून दाखवा. याच भट्टीत."

"मग सोडा आत."

"तसं कसं? भांडं तुमचं ठरल्याशिवाय आत सोडता येत नाही."

तेवढ्यात शिपायाने कुंपणावर पाटी ठोकली: 'कलाकार अज्ञात. मयत.'

मेलिदाने पाटी वाचली. मागे ओसरीवर आणखी एक भांडं तडकलं. तिला इतका संताप आला की आवाजच सरकारी झाला.

"लिहून घ्या. सबब विनंती की, अर्जदार मेलिदा हिला पुढील आदेश होईपर्यंत मयत समजण्यात येऊ नये. समजणे भागच असल्यास, मयतांना रोज सकाळी भट्टी पेटवण्यासाठी कुंपणास एक फाटक ठेवण्यात यावे, व त्याची किल्ली मयतांकडेच असावी."