खर्र्याने विटलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण. माझ्या तोंडाला अजून खर्र्याचा, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीचा वास येतो, म्हणून जरा दूरच बसा.

मी काळी, लांब नळी आहे. माझ्या तळाशी आरसा आहे. सुधा मॅडमनी मला नागपूरहून बसने सौंसरला, त्या शिकवत त्या शाळेत आणलं, तेव्हा तो चांदीसारखा लखलखत होता. हिवाळ्यात दिवेलागणीनंतर त्या मला संत्र्याच्या बागेच्या कडेला उभी करत आणि मुलांना मृग नक्षत्रातला धुरकट ढग, म्हणजे तेजोमेघ दाखवत. ढगात चार मोठे तारे होते.

बोरगावहून शाळेत येणाऱ्या प्रणालीने एकदा विचारलं, "मॅडम, मोठा तारा लहान्यायले खाते का?"

"खात नाही वं. त्याचा उजेड अन् वारा भोवतीचा ढग दाबून राहिला. दबलेल्या जागी नवे तारे जन्मतात. कुठं कुठं ढग नुसताच उधळून जाते."

प्रणाली ढगाच्या फिकट कडेवरून डोळा हलवेना. त्या दिवसांत माझा मान होता.

मग मॅडमची पांढुर्ण्याला बदली झाली. शाळेतल्या मोरेश्वर सरांनी मला संडासाजवळच्या खोलीत टाकलं. माझं तोंड वर होतं आणि झाकण हरवलं होतं. आधी खर्र्याची प्लास्टिकची पन्नी पडली. नंतर सरांची पिचकारी. मग ज्याला त्याला सवयच लागली. लाल, चिकट ओघळ आरशावर साचत गेले, त्यावर माश्या बसल्या. मला ओकता येत असतं तर मी ओकले असते. स्नेहसंमेलनात मला बाहेरून पुसलं, हार घातला, पाहुण्यांसोबत फोटो काढला. आत थुंकी तशीच. त्या हाराची मला जास्त किळस आली.

काही वर्षांनी प्रणाली आली. बोरगावच्या मुलांना आकाश दाखवायला तिला मी हवी होते. तिने आत डोकावलं आणि ओढणी नाकाला लावली. तिने जाब विचारला, तेव्हा मोरेश्वर सर म्हणाले की भंगारच आहे ते, सगळेच थुंकतात.

"सर," ती हळूच म्हणाली, "मी ह्याच्यात डोळा लावला होता."

सरांनी तोंडातला खर्रा गिळला.

तिने मला पांढुर्ण्याला सुधा मॅडमकडे नेलं. दोघींनी नाक दाबून आरसा धुतला. पण तंबाखूने त्याची चकाकी खाल्ली होती.

बोरगावात डिंपल नावाच्या लहान मुलीने माझ्यातून पाहिलं. चार मोठे तारे दिसले, पण ढगाची फिकट कड दिसेना. प्रणालीताईने सांगितलेले नवे तारे जन्मतात ते कुठं, तिने विचारलं.

"हायेत," प्रणाली म्हणाली. "आपल्यालेच दिसून नाही राहिले."

मित्रांनो, ऐकून किळस आली असेल तर बरंच झालं. ती विसरू नका. जे दुसऱ्याच्या डोळ्यासाठी ठेवलेलं असतं, त्यात थुंकू नका.