हुकुमाआधीचा श्वास

"थांबा, थांबा! महाराज, इथे श्वास कशाला?" ऑपेराच्या तालमीत वाद्यवृंदाच्या संचालकाने छडी खाली घेतली, तशी वादकांनी माना वर केल्या. "राजा भडकलाय. पोटच्या मुलीला राज्याबाहेर हाकलतोय. एका दमात टाका की!"

"भडकलेला माणूस ओरडतो," महाराज म्हणाले. "हा ओरडत नाही. 'जा' म्हणायच्या आधी थांबतो. जड जातंय त्याला."

"बरं बुवा, तुमचंच खरं."

महाराज हे नाव त्यांना नाट्यगृहानेच चिकटवलं होतं. ऑपेरात प्रेम करायचं ते उंच आवाजांनी. खर्जाच्या वाट्याला राजे, धर्मगुरू, सैतान आणि बाप. तीस वर्षांत नायिकेचा हात एकदाही हाती आला नाही, अशी थट्टा ते स्वतःच करत. पण दुष्ट माणूस गावा तर त्यांनीच. भूमिका मिळाली की हा माणूस कुठे हळवा आहे, ते आधी शोधायचं आणि मग त्याचं सगळं क्रौर्य हलक्या आवाजात गायचं, ही त्यांची रीत. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई.

या राजाच्या बाबतीत शोधाशोध करावी लागली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी मुलीने गाणं सोडते म्हणून सांगितलं, तेव्हा जेवणाच्या टेबलाशी महाराज असेच थांबले होते आणि मग म्हणाले होते, "जा. मला मुलगी नाही." ती गेली, ती पुन्हा घरी आली नाही. यंदा त्यांनी पत्र टाकलं, एकदा तालमीला येऊन हा राजा ऐक, म्हणून. तोंडाने माफी मागणं त्यांना या जन्मी जमणार नव्हतं. गाऊन जमेल, अशी भाबडी आशा होती.

ती आली होती. सातव्या रांगेत, अंगातला कोटही न काढता बसली होती.

मध्यंतरात महाराज घाम पुसत खाली उतरले. "कसं वाटलं?"

"आवाज तसाच आहे तुमचा, बाबा."

"आवाजाचं सोड गं. मी थांबलो ते ऐकलंस ना? त्या दिवशीही मला..."

"ओळखलं मी. अगदी तेच." ती शांतपणे म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही थांबलात, तेव्हा मला वाटलं, आता बाबा म्हणणार, बस, जेवून घे. मी बसायला खुर्चीसुद्धा ओढली होती. आणि मग तुम्ही 'जा' म्हणालात. एका दमात म्हणाला असतात ना, तर कमी लागलं असतं."

"पहिल्या प्रयोगाला येशील?" एवढंच महाराजांनी विचारलं.

"नको. घरी ऐकलंय मी." तिने पर्स खांद्याला लावली. "तब्येतीला जपा," म्हणाली आणि निघाली.

तिच्यामागे धावावं, असं त्यांना फार वाटलं. दार काही लांब नव्हतं. पण घंटा झाली, वादक सूर जुळवू लागले आणि पाय सवयीने रंगमंचाकडे वळले. स्वतःची अशी किळस त्यांना आयुष्यात आली नव्हती.

डोळे पुसून त्यांनी स्वरलिपीचं पान उघडलं, पियानोवाल्याची पेन्सिल मागून घेतली आणि 'जा'च्या आधी बारीक अक्षरात लिहिलं: 'अजून थांबावे. मुलीला इथे आशा वाटते.'